आत्यांचा फ्रेंच कायदा

माझ्या बायकोच्या आत्या जेवढे कायदे पाळतात तेवढे उभ्या पुण्यात कुणी पाळत नसेल, आणि त्यातले निम्मे तर आपल्या देशात लागूच नाहीत. आत्यांची सगळी नोकरी दिवाणी कोर्टात स्टेनो म्हणून झाली. न्यायाधीश बदलले, वकील म्हातारे झाले, पक्षकार वारले आणि त्यांचे खटले मुलांनी पुढे चालवले; आत्या मात्र आधी टाइपरायटरमागे आणि मग कॉम्प्युटरमागे ताठ बसून होत्या. परिणामी निवृत्त झाल्यावरही त्यांच्या तोंडून साधं वाक्य निघेना. दूधवाल्याला उशीर झाला की "विलंबाचं सबळ कारण?" असं विचारायच्या. तो बिचारा म्हशीचं नाव सांगायचा. लग्न त्यांनी केलं नाही. का, असं एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "एकतर्फी निकाल मला कधीच पसंत नव्हते." आपल्या देशातले कायदे पुरेनात म्हणून त्यांनी परदेशातले मागवायला सुरुवात केली. जर्मनीत रविवारी गोंगाटाला मनाई असते हे वाचल्याबरोबर त्यांनी विश्रांतवाडीतल्या आपल्या सोसायटीत रविवारी मिक्सर लावायचा नाही असा ठराव मांडला. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, जर्मनीत खोबऱ्याची चटणी करत नाहीत." आत्या म्हणाल्या, "म्हणूनच तिथे शांतता आहे."

एके दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "जावईबापू, फ्रान्सने कायदा केलाय." मी म्हणालो, "अभिनंदन." दुसरं काय म्हणणार? मग त्यांनी पेपरातली बातमी मला जवळजवळ सही-शिक्क्यासकट वाचून दाखवली. जाहिरातीत काम करणाऱ्या मुलींनी डॉक्टरचा दाखला आणायचा. फारच अशक्त असेल तिला कामाला लावायचं नाही. आणि कॉम्प्युटरवर कंबर बारीक केली असेल तर फोटोखाली तसं स्पष्ट लिहायचं. "आपल्याकडे कधी होईल तेव्हा होईल," आत्या म्हणाल्या, "तोवर मी आहे."

आणि खरोखरच त्या होत्या. त्यांच्याबरोबर रस्त्याने जाणं अशक्य झालं. होर्डिंग दिसलं की त्या मान वर करून उलटतपासणी सुरू करायच्या. "ह्या बाईचं कोपर बघा. दाराची कडी आहे नुसती. आणि मान? एवढ्या मानेतून घास उतरेल तरी का?" लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साडीच्या दुकानात मी त्यांना घेऊन गेलो होतो, माझ्या बायकोच्या वाढदिवसासाठी. दारातच हिरव्या नारायणपेठीतली पुतळी उभी होती, एक हात कमरेवर आणि कंबर जवळजवळ नाहीच. आत्यांनी साडी बघायच्या आधी तिला बघितलं आणि गादीवरच्या मालकांना विचारलं, "अहो, हिला काय झालंय?" मालक अस्सल पुणेरी. हिशेबातून मान वर न करता म्हणाले, "काही नाही. प्लास्टिकची आहे ती." आत्या म्हणाल्या, "मग जरा जास्त घाला की प्लास्टिक." दुकानातल्या सगळ्या बायका एकदम हसल्या. मालकांनी मान वर केली, आत्यांना नीट पाहिलं आणि हाक मारली, "बाईंना नऊवारी दाखवा रे. पाचवारीत भागायचं नाही."

एवढ्यावर सगळं थांबलं असतं तर आत्यांचा कायदा हा आमच्या घरातला एक करमणुकीचा विषय राहिला असता. पण त्यांच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत पल्लवी भाड्याने राहत होती. पल्लवी यवतमाळची. खराडीतल्या एका आयटी कंपनीत काम करायची, मोठ्याने हसायची आणि आत्यांना "वो आत्या" म्हणायची. सोसायटीत त्यांच्याशी अशा सुरात बोलायची हिंमत तिच्याशिवाय कुणाचीच नव्हती. आल्या दिवशी तिने आत्यांच्या हातचं पिठलं खाऊन "थोडं तिखट पाहिजे होतं" असा अभिप्राय दिला होता, आणि आत्यांनी तो चक्क दाखल करून घेतला होता. तर ऑफिसातल्या कुठल्याशा कार्यक्रमात एका जाहिरातवाल्याने पल्लवीला पाहिलं आणि एका सराफाच्या जाहिरातीसाठी नववधू म्हणून निवडलं. शहरभर होर्डिंग लागणार होती. तिच्या वडिलांनी यवतमाळला पेढेसुद्धा वाटून टाकले. फक्त जाहिरातवाल्यांची एक बारीकशी अट होती. शब्दशः बारीक.

पल्लवीने जेवण सोडलं. सकाळी काकडी, संध्याकाळी काकडीची आठवण. आत्या ताट घेऊन दाराशी उभ्या राहायच्या आणि आतून आवाज यायचा, "नको ना वो आत्या, मी डाएट करून राहिली. त्यांना फेस शार्प पाहिजे." आत्या म्हणायच्या, "चेहरा आहे की सुरी?" त्यांनी फ्रान्सचा कायदा तिला तीनतीनदा समजावला. पल्लवी हसून "तुम्ही पण ना!" म्हणायची आणि दार लावून घ्यायची. पण ते हसणं दिवसेंदिवस हळू होत चाललं होतं, हे माझ्याही लक्षात आलं.

आत्या दर रविवारी भाजीला मंडईत जातात. विश्रांतवाडीत भाजी मिळते, पण त्यांच्या मते मंडईबाहेरची भाजी म्हणजे ऐकीव पुरावा. त्या रविवारी त्यांनी पल्लवीला पिशव्या धरायला बरोबर नेलं होतं. घासाघीस ऐन रंगात आलेली असताना पल्लवी "आत्या..." एवढंच म्हणाली आणि शांतपणे दुधी भोपळ्यांच्या ढिगावर आडवी झाली. भाजीवाली ओरडली, "अवं बाई, पोरगी उचला, माल दबतोय!" आणि लगेच स्वतःच खाली उतरून तिने पल्लवीचं डोकं मांडीवर घेतलं, पदराने वारा घातला, तोंडावर पाणी मारलं. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि म्हणाले, "हिला काही झालेलं नाही. हिने काही खाल्लेलं नाही." हा निकाल आत्यांनी मला फोनवर जशाच्या तसा ऐकवला. पण शेवटचा शब्द सांगताना त्यांचा आवाज कापला. स्टेनोचा आवाज कधी कापत नाही.

म्हणून शूटिंगच्या दिवशी आत्या बरोबर निघाल्या आणि गाडी माझी असल्यामुळे मीही निघालो. शूटिंग सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरजवळच्या एका फार्महाऊसवर होतं. मागच्या सीटवर पल्लवी डोळे मिटून बसली होती आणि आत्यांच्या मांडीवर भलामोठा डबा होता. तिथे शेंडी बांधलेला एक तरुण दिग्दर्शक सगळ्यांवर ओरडत होता. पल्लवीला शालू नेसवला, दागिने चढवले आणि ढिला झालेला ब्लाउज मागून चिमट्यांनी आवळला. दिग्दर्शक दोन पावलं मागे सरून म्हणाला, "गाल अजून भरलेले वाटतात. पण चला, मॅनेज करू."

आत्या पुढे झाल्या. "हिच्या तब्येतीचा डॉक्टरचा दाखला आपण पाहिलात का? फ्रान्समध्ये त्याशिवाय कॅमेऱ्यासमोर उभं करता येत नाही."

दिग्दर्शक चक्रावला. "मॅडम, हे फ्रान्स नाहीये. हे लोणी काळभोर आहे."

"मग तर जास्तच लाज वाटायला हवी," आत्या कडाडल्या. "गावाच्या नावात लोणी आणि पोर उपाशी!"

लाइटवाले फिसकन हसले. मलाही हसू आवरेना. पण पल्लवी हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. "आत्या, प्लीज," ती म्हणाली. "बाबांनी सगळ्या गावाला सांगितलंय. माझा चान्स जाईल ना."

आत्यांना वाद सोडून देताना मी तेव्हा प्रथमच पाहिलं. एकदम साध्या मराठीत म्हणाल्या, "बरं बाळा. चान्स तुझा आहे. मी बाहेर बसते." आणि खरंच डबा घेऊन बाहेर आंब्याखालच्या बाकावर जाऊन बसल्या. मी समजूत घालायला गेलो, तर म्हणाल्या, "जावईबापू, तिने मला साक्षीदार म्हणून बोलावलंच नव्हतं. मी आपली घुसले." चपला काढून त्यांनी पाय बाकावर घेतले. एवढ्याशा दिसल्या.

बराच वेळ गेला. मग दार धाडकन उघडलं आणि साक्षात नववधू, मुंडावळ्या, नथ, कमरपट्टा, सगळ्यासकट तरातरा आमच्याकडे चालत आली. तिच्या पाठीवरचे चिमटे एकेक करून गळत होते. "आत्या," धापा टाकत ती म्हणाली, "त्या शेंडीवाल्याने कॉम्प्युटरवर माझा फोटो दाखवला. एक बटण दाबलं, माझा दंड अर्धा. दुसरं दाबलं, गाल गायब. अन् मी इतके दिवस उपाशी राहिली! काऊन राहिली मी उपाशी?"

आत्यांनी डबा उघडला. आत थालीपीठं होती, लोण्याचा गोळा होता आणि मिरचीचा ठेचा, चांगला यवतमाळी तिखट. पल्लवीने एका हाताने नथ बाजूला धरली आणि दुसऱ्या हाताने खायला सुरुवात केली. तिचं खाणं बघताना आत्या घास गिळल्यासारखा घसा हलवत होत्या. दुसऱ्या थालीपिठाला पल्लवी एकदम हसली, पूर्वीसारखी, मोठ्याने, तोंड भरलेलं असताना. वासावर लाइटवाले आले, मेकअपवाली आली. शेवटी दिग्दर्शकही तणतणत आला, "अहो, शालूवर तूप सांडेल!" आत्या म्हणाल्या, "तूप नाही, लोणी आहे. बसा." तो बसला. त्यानेही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणे.

काम अर्थातच गेलं. जाहिरातवाल्यांनी दुसरी मुलगी घेतली. पल्लवी दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी वडिलांना फोन करून तिने सगळं सांगितलं. वडील म्हणाले, "पेढे तर लोकांनी खाल्ले ना बाप्पा, वाया थोडेच गेले?" पुढे तिला बंगळुरूला चांगली नोकरी लागली आणि मागची खोली रिकामी झाली. आत्यांनी ती पुन्हा कुणाला दिली नाही. पिठलं अजून तिखटच करतात. एकटीसाठी एवढं तिखट का, असं विचारलं की म्हणतात, "हात बसलाय."

ते होर्डिंग विश्रांतवाडीच्या चौकात लागलं. मी आत्यांना स्कूटरवर मागे बसवून घरी सोडत होतो आणि नेमका सिग्नल लागला. वर ती दुसरी मुलगी, तोच शालू, तोच कमरपट्टा, हसरी, आणि इतकी बारीक की मी नजर खाली घेतली. आता उलटतपासणी सुरू होणार म्हणून मी मनाची तयारी केली. आत्या वर बघत राहिल्या. सिग्नल सुटला, मागच्या रिक्षाने भोंगा वाजवला, तरी त्यांची मान वरच होती.

"जावईबापू," अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, "हिच्याबरोबर कोणी गेलं असेल का हो?"