चुन्याचा ठिपका

मडकं हातात आलं की आधी टिचकी, मग कान. आमचे कुंभारमामा असे मडक्याला कान लावून बसले की वाटायचं, आतून कुणी घरचं गाऱ्हाणं सांगतंय. खणखणीत वाजलं तर म्हणायचे, "बोलतंय." बद्द वाजलं तर, "मुकं हाय." मग चंचीतला चुना बोटावर घेऊन मुक्या मडक्याच्या बुडाला ठिपका लावायचे आणि ते बाजूला सारायचे. कामाच्या नादात समोरच्याचा रामरामही न ऐकणारी अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील बघा.

मी उंब्रजची. सत्तर सालानंतर कधीतरी लग्न होऊन शिराळ्यात आले. मामांचं घर आमच्या भिंतीला भिंत. उजाडायच्या आत त्यांचं चाक फिरायला लागायचं, मामी माती तुडवायच्या, पोरी मडकी उन्हाला मांडायच्या. थोरल्या लेकीला विट्याला सासरी पोचवून आले की मामा स्वतःच मुके. चाकाकडे तोंड करून बसायचे, भाकरीला चार हाका माराव्या लागायच्या.

आता शिराळा म्हटलं की नागपंचमी आलीच. त्या काळी पंचमीआधी गावातली माणसं रानातून जिवंत नाग धरून आणायची, नव्या मडक्यात ठेवून तोंडाला फडकं बांधायची आणि घरात टांगायची. पंचमी झाली की पुन्हा रानात सोडायची. मडकी सगळी मामांची. आणि गंमत अशी, की मामा नागाला लय भ्यायचे.

"मामा, चला की नाग बघायला!" पोरं मुद्दाम डिवचायची.

"मी मडकं दिलं. आत काय ठिवता ते मला सांगू नगा."

सगळे हसायचे. मी मात्र हसत नव्हते, कारण मीही तेवढीच भ्यायचे. त्या वर्षी तर आमच्याच घरात नाग आला. माझं बाळ तान्हं होतं, आणि सासूबाईंनी मडकं टांगलं ते पाळण्याजवळच्या तुळईला.

"आत्याबाई, दुसरीकडं टांगूया की."

"अगं, भाऊ हाय आपला. भावाला कोण भितं का? त्याच्या सावलीत लेकरू वाढंल."

पाळणा हलवताना माझे डोळे वरच. मडक्यातून सळसळ यायची, मग एकदम शांत व्हायचं. ती शांतता जास्त वाईट. एका सकाळी दुपट्यावर लाल भुगा पडलेला दिसला. कौलाचा असेल म्हणून मी झटकून टाकला.

त्याच दुपारी मामा पणत्या द्यायला आले. घरातली पुरुषमंडळी बाहेर होती, सासूबाई परसात. मामा उंबऱ्यातच थांबले. सवयीनं त्यांची नजर मडक्याच्या बुडाकडे गेली आणि चेहरा राखेसारखा झाला. बुडाला पांढरा ठिपका होता. मी तो रोज बघत होते हो, मला काय ठाऊक!

"पोरी," मामा अगदी हळू म्हणाले, "लेकरू उचल. आवाज करू नगंस."

मी उचललं. तेवढ्यात वरून बारीक 'चर्र' झालं आणि रिकाम्या पाळण्यात पुन्हा तोच लाल भुगा पडला. आता मलाही दिसली, ठिपक्यापासून वर गेलेली केसाएवढी चीर.

"मामा, ह्यांना बोलवते."

"तंवर ऱ्हायचं न्हाई ते."

नागाचं नाव काढलं तरी अंग चोरणारा तो माणूस पाटावर चढला. एक तळवा बुडाला लावला, दुसऱ्या हातानं दोरी तुळईच्या खुंटीवरून काढली आणि मडकं छातीशी धरलं, तान्ह्या लेकराला धरावं तसं. आतून फूत्कार आला. मामांनी डोळे मिटले, पण हात सोडले नाहीत. अंगणात धुऊन रिकामा ठेवलेला रांजण होता, त्यांच्याच हातचा. मडकं आत ठेवतात न ठेवतात तोच खळ्ळकन फुटलं. मामांनी शेजारी पडलेला पाट वर टाकला आणि स्वतः त्यावर बसले.

धाकटे भाऊजी आले तेव्हाही ते तिथंच बसलेले.

"मामा, उतरा आता. नागाचं मी बघतो."

"उतरतो की. पाय ऐकंनात."

मग कळलं ते असं. मामा घरी नसताना भाऊजींनी मडकं आणलं होतं. पांढरा ठिपका बघून त्यांना वाटलं, मामांनी देवासाठी खूण करून चांगलंच वेगळं काढलंय. बाकीची मडकी सोडून नेमकं तेच उचललं.

मामा रागावले नाहीत. घरी गेले आणि बाजूला ठेवलेली सगळी मुकी मडकी फोडली. मामी म्हणाल्या, "आवं, राख भरायला तरी ऱ्हाऊ द्या."

"न्हाई. माज्या घरात मुकं नगं."

पुढं कधी त्यांनी ठिपका लावला नाही. वाजलं नाही की तिथंच फोडायचे. पंचमी जवळ आली की मात्र काहीतरी निमित्त काढून आमच्याकडे यायचे, उंबऱ्यात थांबायचे, वर बघायचे आणि न बसता जायचे.

मामा गेले तेव्हा थोरली लेक विट्याहून आली. तिरडी बांधून झाली होती. चितेभोवती खांद्यावर पाण्यानं भरून फिरवायला मडकं हवं होतं. ते काढायला ती आत गेली आणि रचलेल्यातलं एक घेऊन आली. माझी नजर आधी बुडाकडे गेली. ठिपका नव्हता. तिनं टिचकी मारली, कान लावला आणि ते परत ठेवून दुसरं घेतलं.

तिचा चुलतभाऊ कासावीस होऊन म्हणाला, "आक्का, ते फोडायचंच हाय गं."

"म्हणून बापाला मुकं द्यायचं व्हय?"

तिनं दुसऱ्याला टिचकी मारली. अंगणातली रडारड थांबली. आम्ही सगळ्या ऐकत उभ्या राहिलो.

बोललं.