अक्रोडाची फळी

सुताराने ती अक्रोडाची फळी जिवापाड जपली होती. त्याच्या उस्तादाने म्हातारपणी दुकान बंद केलं, तेव्हा जाता जाता ती याच्या हवाली करून म्हणाला होता, "हिचं सोनं कर." तेव्हापासून फळी जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागे उभी. गिऱ्हाइकांनी मागितली, मुलाने लग्नात पलंगासाठी मागितली, पण सुताराचं उत्तर ठरलेलं, "तिच्या तोलामोलाचं काम येऊ दे." ते काही येत नव्हतं. बायको म्हणायची, "अहो, फळी जपता जपता तुमची जपमाळ राहून जाते बघा."

माणूस चिक्कू मात्र नव्हता. दर शनिवारी चर्चची डुगडुगणारी बाकं तो फुकट ठोकून द्यायचा. त्यामुळे रविवारच्या मिस्सात फादर म्हणाले, "आपण मालक नाही, देवाने नेमलेले कारभारी आहोत," तेव्हा हे महाशय बाकावर जरा ऐसपैस बसले. बायकोने कोपराने ढोसलं. चिडली की ती त्याला 'कारभारी' म्हणूनच हाक मारायची. मग फादरांनी त्या चाकराचा दाखला दिला, धन्याने सोपवलेला पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्याचा. "त्याने चोरला नाही, उधळला नाही," फादर म्हणाले. "नुसता जपला." सुताराला घामच फुटला.

घरी येऊन त्याने कोटसुद्धा न काढता कपाट सरकवलं. चादर सोडली तर खालच्या टोकातून पिठासारखा भुगा गळला. भुंगा लागला होता, हातभर फळी पोखरून गेलेली. तो मटकन खाली बसला. इतकं वाईट त्याला उस्ताद गेला तेव्हाही वाटलं नसेल.

बसल्या जागेवरून आतली खोली दिसत होती. धाकटी बहीण खाटेच्या कडेला ताट मांडीवर घेऊन जेवत होती. वर्षापूर्वी ती राहायला आली, तेव्हा टेबल चौघांचंच होतं: हा, बायको, मुलगा, सून. "मला इथंच बरं पडतं," ती म्हणाली आणि सगळ्यांनी ते खरं मानलं. हा तर सुतार! गावभरच्या घरांत टेबलं करून दिली आणि सख्खी बहीण खाटेवर जेवतेय, हे याच्या डोक्यात शिरलं नाही.

त्याने करवत काढली. पोखरलेलं टोक कापलं, उरलेल्या फळीचे दोन भाग करून कडेला कडा जोडली. बायको चहा घेऊन आली. "तोलामोलाचं काम आलं वाटतं?"

"आलं होतं गं," तो रंधा न थांबवता म्हणाला. "वर्षभर आत बसून जेवत होतं."

बायकोने चहाचा कप ठेवला आणि त्याच्या खांद्यावरचा भुसा झटकला.

टेबल काही फार मोठं झालं नाही. पाच माणसं बसली की कोपराला कोपर लागे. पहिल्या संध्याकाळी सुनेने प्रार्थना म्हटली आणि सगळे बसले. बहीण तेवढी चुलीवरून उतरवलेलं पातेलं घेऊन उभीच. पॉलिश केलेल्या लाकडाकडे बघत ती फडकं शोधू लागली.

"दादा, डाग पडेल रे."

सुताराने तिच्या हातातून पातेलं घेतलं आणि टेबलाच्या मधोमध, थेट लाकडावर ठेवलं.

"पडू दे," तो म्हणाला. "बस तू."