काही त्रास नाही

आमच्या ह्यांचं हृदय छान पंप करतं, असं इकोच्या रिपोर्टात आलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या पायरीवरूनच मुलीला फोन लावला. घरी आलो, तर हे जिन्याच्या पहिल्याच वळणावर कठड्याला धरून उभे. थेरगावात आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. ह्यांच्या पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा, आणि कागद म्हणत होता सगळं छान आहे. मला त्या कागदाचा असा राग आला की तो मी सिलिंडरच्या मागे कोंबून टाकला.

शेवटी चिंचवडच्या एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला मूठ वळून दाखवली. "मूठ आवळतेय झकास," त्या म्हणाल्या, "पण उघडताना नीट उघडत नाही. मग आत रक्त पुरेसं भरत नाही आणि मागे पाणी साठतं." म्हणजे हाही हार्ट फेल्युअरच. अशाच पेशंटसाठी त्यांच्याकडे एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. काहींना खरी गोळी मिळणार, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची, आणि कुणाला कुठली हे डॉक्टरांनाही कळणार नव्हतं. नेहमीची औषधं चालूच राहणार होती. वाटलं तर केव्हाही सोडा, पण जो त्रास होईल तो सांगा, हे बाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं. ह्यांनी मान डोलावली आणि सही केली.

हे चाकणच्या कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबणाऱ्या मशीनवर होते, त्यातली बरीच वर्षं ठेकेदाराकडे. तिथे दरवर्षी मेडिकल व्हायचं. अनफिट ठरलं की गेट पास जमा, आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर दुसरा माणूस उभा. त्यामुळे मेडिकल जवळ आलं की सगळं खातं पथ्यावर. मीठ कमी, तंबाखू बंद, ओव्हरटाइमला नकार. आणि डॉक्टरनं काहीही विचारलं तरी सगळ्यांचं उत्तर एकच, काही त्रास नाही.

चाचणीच्या तपासणीची तारीख आली की ह्यांनी तेच सुरू केलं. आदल्या दिवशी भाजी अळणी, दुपारभर पाय उशीवर, सकाळी गुळगुळीत दाढी. मी म्हटलं, मुलगी बघायला निघालात की काय? हसले नाहीत. हॉस्पिटलच्या लांब बोळात सहा मिनिटं चालायची परीक्षा असते. आपल्या चालीनं चाला, दम लागला तर थांबा म्हणतात. हे असे सुटायचे, जणू फर्स्ट शिफ्टची बस निघून चाललीय. खुर्चीत टेकल्यावर ओठ पांढरेफटक. सिस्टर विचारायची, "काका, काही त्रास?"

"काही नाही," हे म्हणायचे आणि माझ्याकडे डोळे वटारायचे.

एवढं झेपतंय म्हटल्यावर गोळीचा डोस वाढवला. त्यानंतर ह्यांना उठताना चक्कर यायला लागली. डांगे चौकात भाजी घेताना एकदम हातगाडीची कड धरली, नजर भलतीकडेच, आणि मेथीवाल्याला तोच भाव तीनदा विचारला. तेव्हापासून माझं घरात चित्त लागेना. हे आंघोळीला गेले की मी दाराबाहेर उभी. पाण्याचा आवाज थांबला की मी कडी वाजवायचे. एकदा हे आतून ओरडले, "साबण लावू देशील का?" मी मात्र रडायच्या बेतात होते.

मी डॉक्टरांना सांगणार म्हटलं, तर ह्यांनी ताट बाजूला सारलं. "कशाला सांगायलीस? काढून टाकतील मला. माझी गोळी खरी असली तर?" मी ताट पुन्हा ह्यांच्यापुढे ओढलं. पण तो जिना, ती न्हाणी, आणि एक दिवस हे पडतील ही धास्ती माझ्या डोक्यातून जाईना.

पुढच्या वेळी सिस्टरनं विचारलं आणि हे नेहमीचं बोलले. मी म्हटलं, "खोटं आहे." आणि मेथीपासून न्हाणीपर्यंत सगळं सांगून टाकलं. माझा आवाज नको तितका चढला होता. बाईंनी ह्यांना झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून घेतलं. उभ्यानं घेतलेलं बरंच उतरलं होतं.

"काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही लपवलंत तर आम्हाला वाटणार गोळी सोसतेय. मग उद्या ती दुसऱ्या कुणाला देऊ, आणि तो जिन्यावरून पडेल. इथे त्रास सांगणं हेच तुमचं काम." त्यांनी गोळी काही दिवस थांबवली. चाचणीतून नाव मात्र काढलं नाही. तरी बसमध्ये हे माझ्यापासून लांबच्या सीटवर बसले आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्यापुढच्या तपासणीला बाईंनी स्वतः विचारलं. हे म्हणाले, चक्कर कमी आहे, पण चढताना छाती दाबल्यासारखी होते. "केव्हापासून?" बाईंनी विचारलं, आणि हे मागे मागे जात राहिले. प्रेस शॉपमुळे एका कानात सतत शिट्टी वाजते. उजव्या हाताची दोन बोटं बधिर आहेत, बटण लावताना कळत नाही. एका वर्षी मशीनपुढेच कोसळले होते, तेव्हा सोबतच्यांनी खोक्यांच्या आड निजवून ठेवलं आणि शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये बसवून दिलं. पुढच्याच आठवड्यात मेडिकल होतं म्हणून.

बाई लिहीत होत्या. मी शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होते. यातलं एक अक्षरही मला ठाऊक नव्हतं. दरवर्षी मेडिकल पास होऊन हे घरी आले की मी देवापुढे साखर ठेवायचे, माझा माणूस ठणठणीत आहे म्हणून.