डोळा बघितला, कल्ला नाही

"डोळ्याचा आजार नाही हा. हॉर्नर सिंड्रोम आहे, म्हणजे डोळ्याकडे जाणारी नस वाटेत कुठेतरी दाबली गेली आहे. तुमच्या मिस्टरांच्या फुफ्फुसाच्या टोकाला गाठ आहे, ती दाबते. कॅन्सर आहे." डॉक्टर हळू बोलत होते. ह्यांनी मान हलवली. मी पिशवीची चेन उघडली, लावली, परत उघडली. रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

मी सारसोळ्याची कोळीण, नेरूळच्या बाजारात मासळी विकते. ह्यांच्या डाव्या डोळ्याची बाहुली बारीक झालीय, पापणी उतरलीय, हे आधी मलाच दिसलं होतं. खांदाही दुखायचा. शेजारणीने वाशीच्या एका इरिडोलॉजीवाल्याकडे धाडलं. इरिडोलॉजी म्हणजे बुबुळाचा रंग आणि डाग बघून अख्ख्या शरीराचा आजार सांगणं. त्याने फोटो काढून तक्त्याशी जुळवला. बुबुळावरचा तपकिरी ठिपका म्हणजे लिव्हरमध्ये साचलेलं विष, बारीक बाहुली म्हणजे थकलेल्या नसा. मासळी बंद, पावडर चालू.

मला पटलं. पापलेटचा डोळा बघून मी ते कधीचं ते सांगते, मग शिकलेल्या माणसाला माणसाचा डोळा वाचता येणार नाही? हे म्हणाले, "तुजा डोला कदी चुकलाय?"

तीन महिने कोळ्याच्या घरात हे दुधी खात राहिले. मग एकदा हातातून चहाचा कप पडला आणि मुलीने ओढतच हॉस्पिटलात नेलं. एक्स-रे, सीटी स्कॅन, मग बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. मी ठिपक्याचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तो तीळच आहे. बाहुली मात्र खरी खूण होती. तेव्हाच यायला हवं होतं."

तेव्हाच. केमोच्या वॉर्डाबाहेर बसून मी तो एक शब्द चघळायचे. सासूने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "नुसत्या डोल्यावर जाव नको. कल्ला उघरून बघ." गिऱ्हाइकाला मी रोज माशाचा कल्ला, म्हणजे डोक्यामागची श्वासाची फट, उघडून आतला ताजा लाल रंग दाखवते. घरच्या माणसाच्या वेळी विसरले.

गाठ आक्रसली आहे, गेलेली नाही. तुमच्या घरात कुणाची एक बाहुली लहान झाली, पापणी उतरली, तर तक्तेवाल्याकडे जाऊ नका. सरळ हॉस्पिटल गाठा.

आता डॉक्टरांनी मासळी खायला सांगितलीय. परवा मी घरासाठी पापलेट घेतलं आणि ओट्यावर त्याचा कल्ला उघडून बघत होते. हे मागे उभे राहून हसले. "आता डोल्यावर इस्वास नाय का तुजा?"

त्या उतरलेल्या पापणीकडे बघितलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला रडू आलं.