मन्नूबियाखालाचा अंगठा

मन्नूबियाखालाचा सहसा कुणावर विश्वास बसत नसे. दुकानातलं अंडंसुद्धा ती कानाशी हलवून बघायची. एकोणसत्तरच्या पुरात तिचं घर वाहून गेलं, तेव्हा आमच्यासारखंच तिलाही या जुन्या लष्करी बराकीत आणून सोडलं होतं. "दोन महिन्यांचाच प्रश्न आहे," असं सांगून. त्याला एकोणीस वर्षं होऊन गेली होती.

बराक फ्रेंचांनी बांधलेली. ते गेल्यावर तिथे गव्हाचं कोठार झालं, मग काही वर्षं शाळा, मग आम्ही. मी मास्तर, मला जुना वर्ग मिळाला. खालाला घोड्यांची पागा. भिंतीतल्या लोखंडी कड्यांना ती मिरच्यांच्या माळा बांधायची.

एके दिवशी सरकारी कचेरीतून एक गोडबोल्या साहेब आला. "छप्पर दुरुस्त करायचंय, फक्त सह्या हव्यात." अंगणात रांग लागली. पहिली सही माझी.

खाला हाताची घडी घालून पागेच्या दारात उभी.

"छप्पर गळतंय ते आज दिसलं होय तुला?"

"खाला, अंगठा उठवा. अजून पुष्कळ घरं बाकी आहेत."

"लिहिलंय काय यात?"

"दुरुस्तीचंच."

"दुरुस्तीला दोन पानं?" तिनं त्याच्या हातातून कागद ओढून घेतला आणि माझ्याकडे वळली. "मास्तर, तू वाचलंस?"

माझी मान खाली गेली. "नाही, खाला."

"मग आता वाच. मोठ्यानं."

पहिल्या पानावर छप्परच होतं. दुसऱ्यावर लिहिलं होतं, की सांगतील तेव्हा आम्ही आपखुशीनं बराक सोडू आणि बदल्यात घर मागणार नाही.

 बराकीतला पाववाला शाज़ली साहेबाच्या गठ्ठ्यावर झेपावला. "माझा कागद दे इकडे!" पाठोपाठ सगळेच. मी माझा तिथेच फाडला. साहेब पेनाचं टोपण शोधायलाही थांबला नाही.

छपराला शेवटी आम्हीच डांबर फासलं. चार वर्षांनी बराकीत गालिचे विणायचं केंद्र काढायचं ठरलं, तेव्हा मात्र प्रत्येकाला नवं घर द्यायचं सरकारला लेखी कबूल करावं लागलं. खालानं तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मग घडी घालून म्हणाली, "बरं. आता दुसऱ्या मास्तराकडून वाचून घेते."

मला राग आला नाही.