पप्पांच्या शर्टावरचा खडू

आज लेकीला पहिल्यांदा शाळेत सोडलं. वर्गातून खडूचा वास आला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रोज संध्याकाळी पप्पांच्या शर्टाला हाच वास यायचा. ते आळेफाट्याला मास्तर होते. आम्हा भावंडांना मात्र आई घरीच शिकवायची. आधी बायबलमधलं स्तोत्र, मग पाढे.

एकदा मी त्यांच्या गाडीला आडवी गेले. "पप्पा, मलाबी शाळेत न्या."

"देवाचं भय नाय त्या पोरांना. बिघडशील."

"मग तुमी कशाला जाता?"

त्यांनी किक मारली. ती पोरं वाईटच असणार, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले.

आज नातीचं दप्तर पप्पांनीच खांद्यावर आणलं होतं. तिला म्हणाले, "रोज यायचं बरं का. शाळेवाचून माणूस अडाणी राहतं."

मी शेजारीच उभी होते.