कुलूपताईंची दोनशे चौदा गाठोडी

धुकं इतकं दाट होतं की पोलीस ठाण्याच्या फाटकावरचा दिवा सकाळी साडेआठलाही कुणी मालवला नव्हता. आतल्या बोळाच्या टोकाला, लोखंडी दारापाशी ठेंगण्या बांध्याच्या एक बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभ्या होत्या. किल्ली फिरवण्याआधी त्यांनी कुलूप उचलून त्याची खालची बाजू पाहिली, वरचा लाखेचा ठसा अंगठ्याने चाचपला आणि मगच दार उघडलं. तेरा वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नव्हता. उगाच नाही सगळं ठाणं त्यांना कुलूपताई म्हणत.

जप्त केलेला माल सांभाळायचं ताईंचं काम. चाकू, मोबाइल, फुटकी बाटली, कुणाचा चष्मा, कुणाची एकच चप्पल. खटला उभा राहीपर्यंत सगळ्याचा मुक्काम या खोलीत. कोर्टातून निरोप आला की ताई मान वर न करता सांगायच्या, "तिसरं कपाट, खालून दुसरा खण, हिरवी चिठ्ठी."

"ताई, डोक्यात फडताळं बसवलीत की काय?" हवालदार विचारायचा.

"तुझ्या डोक्यातली जागा रिकामीच होती. तुझ्या वाटणीची पण माझ्यातच बसवली."

अशा या बाईंनी पंचेचाळिसाव्या वर्षी फौजदारी न्यायाच्या एम.ए.ला नाव घातलं. शनिवार-रविवारचा वर्ग. नणंद म्हणाली, "वहिनी, सून आणायच्या वयात दप्तर?" ताई म्हणाल्या, "सून आली की दप्तर तिच्या हवाली करते. तोवर माझंच राहू दे."

पहिलं वर्ष संपताना शाखा निवडायची होती. वर्गातली बहुतेक मंडळी ताईंच्या लेकीच्या वयाची. निम्म्यांनी डोळे मिटून सायबर गुन्हे घेतले. एकाला गुन्ह्यांचं विश्लेषण हवं होतं, म्हणजे नकाशावर ठिपके मांडून पुढची चोरी कुठे होईल ते हेरायचं. एक मुलगी तुरुंग प्रशासनाकडे वळली. एक शाळामास्तर होते, त्यांनी शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या माणसांना मार्गी लावायची शाखा घेतली, म्हणाले, "तीस वर्षं तेच तर करतोय." ताईंनी हात वर केला.

"बाई, मी ज्या खोलीत बसते ना, तिची शाखा कुठली?"

वर्ग हसला. प्राध्यापिकाबाई हसल्या नाहीत. "न्यायवैद्यक. पुरावा प्रयोगशाळेत पोचतो तो तुमच्या खोलीतून. तिथे नासला, तर पुढे कुणाच्या बापाला दुरुस्त करता येत नाही."

ताईंनी न्यायवैद्यक घेतलं आणि तिसऱ्याच तासाला त्यांची पाचावर धारण बसली. बाई शिकवत होत्या: रक्त लागलेला कपडा ओलसर असेल तर आधी सावलीत, वाऱ्यावर वाळवायचा. मग कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये कधीच नाही. ओल आत कोंडते, बुरशी धरते, आणि रक्तातली माणूस ओळखायची खूण बुरशी खाऊन टाकते.

ताईंची लेखणी तिथेच थांबली.

दहा वर्षांपूर्वी खोलीचं छत गळत होतं आणि कागदी पुडकी भिजत होती. तेव्हा ताईंनीच युक्ती काढली होती. कपडा दुहेरी प्लास्टिकमध्ये घालायचा, मेणबत्तीच्या आचेवर तोंड वितळवून बंद करायचं, वर लाखेचं सील. पाण्याचा थेंब आत जाईल तर शपथ! साहेबांनी पाठ थोपटली होती. आसपासच्या तीन ठाण्यांचे कारकून येऊन ही पद्धत शिकून गेले होते. पुढे छत दुरुस्त झालं, प्लास्टिक मात्र तसंच राहिलं. थेंब आत जात नव्हता हे खरं. पण बाहेर तरी कुठे येत होता?

सोमवारी ताई बॅटरी घेऊन खणाखणातून फिरल्या. कोर्टाच्या हुकुमाशिवाय सील तोडता येत नव्हतं, पण प्लास्टिकमधून दिसत होतं तेवढं पुरेसं होतं. एका शर्टाच्या घडीत काळे ठिपके. एका ओढणीवर हिरवट साय. प्लास्टिकमधली एकूण गाठोडी भरली दोनशे चौदा. प्रत्येकावर ताईंची वळणदार सही.

घरी यजमान शिलाई मशीनवर बसले होते. ताईंनी कुठल्या खटल्याचं काही न सांगता तेवढा घोळ सांगितला.

"ओला कपडा कोंडला तर तो आंबणारच," ते म्हणाले. "एवढ्यासाठी एम.ए. कशाला? माझ्याकडून शिकायचंस."

"मग दहा वर्षांत बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कधी? तुझ्या खोलीतलं अक्षर घरी येऊ देतेस का?"

हेही खरं होतं. थोड्या वेळाने त्यांनी मशीन थांबवली. "गप्प राहिलीस तर?"

"कुणाला पत्ता लागणार नाही. प्रयोगशाळा लिहील, 'नमुना खराब'. आणि कोर्टाबाहेरच्या बाकावर कुणाची तरी आई निकालाची वाट बघत बसलेली असेल."

यजमानांनी दाताने दोरा तोडला. "मग लिही की."

ताईंनी प्रबंधाला स्वतःचीच खोली घेतली. पण त्याआधी सगळी गाठोडी उघडून तपासावीत असा अर्ज लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"ताई, मध्यवर्ती भांडाराच्या प्रमुखपदासाठी तुमचं एकटीचं नाव गेलंय. महिना-दोन महिन्यांत हुकूम येईल. तो पडू द्या पदरात, मग लिहा काय ते."

"तोवर अजून चार-पाच गाठोडी जातील साहेब. बुरशीला बढतीचं काय?"

"सह्या कुणाच्या आहेत त्यांवर?"

"माझ्या."

"म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा!"

"धोंडा तर दहा वर्षांपूर्वीच मारून झालाय. आता निदान पाय किती सुजलाय ते बघू."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण त्याच हाताने नंतर सहीही केली. ताईंनी तिन्ही ठाण्यांना स्वतः फोन लावले. एक कारकून भडकला, "अहो, तुम्हीच तर शिकवलंत!" ताई म्हणाल्या, "म्हणून तर दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मी सांगतेय."

कोर्टाचा हुकूम आला. प्रयोगशाळेची दोन माणसं आली. मागच्या रिकाम्या खोलीत दोऱ्या बांधल्या, खाली पांढरे कागद अंथरले आणि अकरा दिवस ते काम चाललं. एका वेळी एकच गाठोडं. ते कागदी पिशवीत गेल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. वास असा, की हवालदार दारातूनच मागे फिरायचा. ताई तोंडाला फडकं बांधून उभ्या असायच्या. त्रेसष्ट गाठोडी गेली होती. एकशे एक्कावन्न वाचली. त्या त्रेसष्टांची यादी ताईंनी खटल्यासकट स्वतःच्या हाताने लिहून कोर्टाला पाठवली. एकही नाव लपवलं नाही, एकही कारण गोड करून लिहिलं नाही.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे एक वयस्कर परीक्षक आले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ही प्लास्टिकची पद्धत एका कर्मचाऱ्याने सुरू केली असं लिहिलंय. त्या कर्मचाऱ्याचं नाव कुठे आहे?"

"मुखपृष्ठावर आहे, सर."

परीक्षकांनी प्रबंध मिटून मुखपृष्ठ वाचलं. पुन्हा पान उघडलं. पुढचे पाच प्रश्न त्यांनी विचारले ते आवाज उतरवून, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारावेत तसे. ताई पहिल्या वर्गात पास झाल्या.

लांबत गेलेला बढतीचा हुकूम त्यानंतर दोन आठवड्यांनी आला. पद दुसऱ्याला गेलं होतं. साहेबांनी कागद ताईंच्या हातात देताना खिडकीबाहेर बघितलं. ताईंनी तो वाचला, घडी घातली. "चालायचंच," म्हणाल्या. खोलीत येऊन त्यांनी तो कागद आपल्या फायलीत लावला आणि खुर्ची पुढे ओढली.

तेवढ्यात बोळातून खुरांचा आवाज आला. हवालदार दारात उभा. त्याच्या हातात दोरी, आणि दोरीला एक शेळी.

"चोरीचा माल, ताई. मालक उद्या ओळख पटवायला येणार. हिला कागदी पिशवीत घालायचं ना? वाळवून?"

"आधी पाणी दे तिला, शहाण्या. आणि मागच्या अंगणात खांबाला बांध, दाराला नको."

ताईंनी चष्मा लावला, चिठ्ठी आणि पेन घेऊन त्या अंगणात गेल्या. एका हाताने शेळीचा कान धरून नीट निरखला आणि गुडघ्यावर ठेवून लिहायला लागल्या: शेळी, एक. तांबूस. डाव्या कानाला चीर. तोवर शेळीने चिठ्ठीचं टोक तोंडात घेतलं होतं. ताईंनी ते सोडवलं, पाहिलं, खिशातून कोरी चिठ्ठी काढली आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं.